संगणकाचा ताप आणि गणिताचा ताळा
(नभोवाणीवरील भाषण)



उन्हाळा तापूं लागला कीं पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकूं येते. संगणक सकाळीं नीट चालतो. दुपारीं मात्र काम ऐन रंगांत आलें असतां पडदा एकदम काळा होतो, नाहींतर निळा होऊन त्यावर न कळणारीं अक्षरें उमटतात. घरांतील वडील माणसें विजेला दोष देतात, तरुण माणसें धुळीला दोष देतात, आणि दुरुस्तीचा कारागीर येईपर्यंत यंत्र गार होऊन निमूटपणें चालूं लागलेलें असतें. गेल्या उन्हाळ्यांत हा अनुभव आमच्या घरीं आला. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. आमच्या यंत्राचा दोष नुसता बंद पडण्याचा नव्हता. तें चालूं असतांनाच खोटीं उत्तरें देत होतें, आणि हें आम्हांला फार उशिरां समजलें.

मी ठाण्यांतील मानपाड्यास राहतों. डोंबिवलीच्या बाजूसहि एक मानपाडा आहे, आणि आमचा कारागीर पहिल्या दिवशीं तिकडेच जाऊन आला, हें सहज सांगून ठेवतों. आमचें घर घोडबंदर रस्त्यालगत आहे. एका बाजूस येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूस अखंड वाहतूक, त्यामुळें वाऱ्याबरोबर धूळहि भरपूर येते. संगणक माझ्या नातवाचा. तो ॲनिमेशनचें शिक्षण घेतो, आणि त्या कामास यंत्र जितकें जलद तितकें बरें, म्हणून जानेवारी महिन्यांत त्यानें आपल्या यंत्राच्या प्रोसेसरची गति ठरल्याहून अधिक वाढविली. या करणीस ओव्हरक्लॉकिंग असें म्हणतात.

ही करणी म्हणजे काय, हें आधीं समजून घेऊं. प्रोसेसर हा संगणकाचा हिशेबनीस. त्याचें सारें काम एका तालावर चालतें. आमच्या प्रोसेसरचा ताल कारखान्यांतून ठरून आला होता तो सेकंदास ४ अब्ज ठोक्यांचा, म्हणजे ४ गिगाहर्ट्झचा. दोन ठोक्यांच्या मधला काळ इतका अल्प कीं तेवढ्यांत प्रकाशाचा किरणसुद्धां अवघा साडेसात सेंटिमीटर पुढें जातो. एवढ्या अवधींत आंतील अब्जावधि सूक्ष्म कळांपैकीं ज्या हलावयाच्या त्या हलून, आपल्या जागीं स्थिर होऊन, पुढल्या ठोक्यास तयार असाव्या लागतात. प्रत्येक प्रोसेसर तंतोतंत सारखा निघत नाहीं, म्हणून कारखानदार गति ठरवितांना थोडी सवड राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव सवड खर्ची घालतो. १९९८ सालीं इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर याच कारणानें जगभर गाजला. त्याचा मूळ ताल ३०० मेगाहर्ट्झचा. परंतु बाहेरच्या वाहिनीची गति ६६ ऐवजीं १०० वर नेली कीं तो पुष्कळदां ४५० वर बिनबोभाट चालत असे. तेव्हांपासून या छंदाला मोठाच बहर आला.

नातवानें ४ गिगाहर्ट्झचे साडेचार केले. ताल वाढला म्हणजे कळांना हलावयास वेळ कमी पडतो. त्या चपळपणें हलाव्यात म्हणून विजेचा दाब वाढवावा लागतो. तो त्यानें १.२० व्होल्टवरून १.३५ केला. आतां येथें शाळेंतलें गणित उपयोगी पडतें. प्रोसेसरमध्यें निर्माण होणारी उष्णता तालाच्या प्रमाणांत वाढते, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताल वाढला सव्वाबारा नव्हे, साडेबारा टक्के, म्हणजे १.१२५ पट. दाब वाढला १.१२५ पट, पण त्याचा वर्ग होतो सुमारें १.२६६. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे १.४२ येतो. मूळच्या १०० वॉटच्या जागीं १४२ वॉट उष्णता होऊं लागली. वेग वाढला एक अष्टमांश, आणि ताप वाढला दोन पंचमांशांहून अधिक. हा सौदा ज्यानें त्यानें आधीं मांडून पाहावा.

जानेवारींत सर्व ठीक चाललें. एप्रिल अखेर यंत्र दुपारीं बंद पडूं लागलें. नातू हुशार, पण उतावळा. त्यानें एकाच दिवशीं नवा पंखा बसविला, दाब थोडा उतरविला आणि रॅमची एक पट्टी काढून ठेवली. दोन दिवस यंत्र चाललें, तिसऱ्या दिवशीं पुनः पडलें, पण या खेपेस निराळ्या रीतीनें. कशानें सुधारलें आणि कशानें बिघडलें, हें आतां कोणासच सांगतां येईना. मात्र खेळ खेळतांना यंत्र तासन्‌तास चालत असे. "आजोबा, खेळांत कांहींच होत नाहीं, मग प्रोसेसर चांगलाच असला पाहिजे," असें तो म्हणाला, आणि मलाहि तें पटलें.

त्याच सुमारास आम्हीं घरांतील जुन्या छायाचित्रांच्या नकला संगणकांत उतरविल्या होत्या. सुमारें चारशें चित्रें होतीं. जागा वांचावी म्हणून त्यांचें एकच आवळलेलें गाठोडें करून ठेवलें आणि सुट्या नकला पुसून टांकल्या. जून महिन्यांत गाठोडें सोडावयास गेलों, तों अकरा चित्रें उघडेनात. प्रत्येक चित्राबरोबर त्याच्या अंकांचा एक ताळा गाठोड्यांत लिहिलेला असतो. तो ताळा जुळत नाहीं, असा निरोप यंत्रच देत होतें. नऊ चित्रांचे कागद घरीं होते, तीं पुनः उतरविलीं. उरलेल्या दोहोंचे कागद ज्या नातलगांकडून आणले होते त्यांना परत केले होते, आणि त्यांच्या घरीं ते वाळवीनें खाल्ले होते. त्यांतील एकांत माझी आई होती.

येथें एका गणितज्ञाची आठवण होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला, त्यांचें शालेय शिक्षण आमच्या ठाण्यास झालें, आणि आयुष्य गेलें देवळालीस शाळा शिकविण्यांत. त्यांनीं ६१७४ या संख्येचा चमत्कार जगास दाखविला. चार अंकी कोणतीहि संख्या घ्यावी, मात्र चारहि अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमानें मांडलेली संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुनः तेंच करावें. सात पायऱ्यांच्या आंत ६१७४ आलेच पाहिजेत. ३५२४ घ्या: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आतां गंमत पाहा. एखाद्या मुलानें पहिल्याच पायरीस ३०८७ ऐवजीं चुकून ३०९७ लिहिलें, तर काय होईल? ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि शेवटीं ६१७४! चूक झाली, तरी शेवट बरोबर आला. मास्तरानें नुसतें शेवटचें उत्तर पाहिलें तर तो या मुलास पूर्ण गुण देईल.

खेळाचें अगदीं असेंच असतें. त्यांतील चित्र सेकंदास साठ वेळां नव्यानें काढलें जातें. एखादा ठिपका चुकला तरी पुढच्या क्षणीं तो पुसला जातो, आणि खेळ पुढें चालतो. परंतु हिशेबाची वही, बँकेचा आंकडा किंवा आवळलेलें गाठोडें चूक पोटांत घालीत नाहीं. अस्थिर प्रोसेसर दर वेळीं बंद पडेलच असें नाहीं; हजारांतून एखाद्या वेळीं तो एक अंक चुकवितो आणि गप्प राहतो. म्हणून यंत्र चालतें आहे कीं नाहीं एवढेंच पाहूं नये. ज्याचें उत्तर आपणांस आधीं ठाऊक आहे असें गणित घालून ताळा पाहावा.

पुढें आम्हीं एक वही घातली आणि दोन नियम केले. पहिला, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दुसरा, बदल करण्यापूर्वीं आणि केल्यानंतर खोलीचें व प्रोसेसरचें उष्णतामान लिहून ठेवावयाचें. मग आरंभ केला तो मूळपदापासून. यंत्र सुरू होतांना जी बायोसची पाटी येते तींत सर्व मूल्यें कारखान्याच्या स्थितीस आणण्याची सोय असते. तें केल्यावांचून पुढील तपास व्यर्थ आहे. मूळ गतीवरहि यंत्र चुकत असेल तर दोष वाढविलेल्या गतीचा नव्हे. मग रॅम, एसएमपीएस किंवा खुद्द प्रोसेसर यांकडे वळावें.

चांचणीसाठीं आम्हीं प्राइम-नाइंटीफाइव्ह हा कार्यक्रम वापरला. प्रचंड मूळसंख्या शोधण्याच्या जागतिक उपक्रमासाठीं तो लिहिला गेला आहे. यांतील कसोटीचा भाग प्रोसेसरला अशीं अवजड गणितें घालतो कीं ज्यांचीं उत्तरें आधींच माहीत आहेत, आणि एक जरी उत्तर चुकलें तरी थांबून तसें सांगतो. हीं गणितें प्रोसेसरला फार तापवितात, म्हणून पहिलीं दहा मिनिटें समोर बसून उष्णतामान पाहावें. रॅमसाठीं मेमटेस्ट-एटीसिक्स हा निराळा कार्यक्रम आहे; तो रात्रभर चालूं द्यावा. आमच्या रॅमच्या दोन्ही पट्ट्या त्यांत निर्दोष ठरल्या, म्हणजे एक संशयित कमी झाला.

मूळ गतीवर प्रोसेसरचें उष्णतामान भाराखालीं ९१ अंश निघालें. हें बरेंच अधिक, म्हणून वीज तोडून कॅबिनेट उघडलें. हीटसिंकच्या पात्यांमध्यें धुळीचा नमदा बसला होता. तो ब्रशनें मोकळा केला, आणि फुंकर यंत्रानें उडवितांना पंखा बोटानें धरून ठेवला, कारण वाऱ्यानें तो अतिवेगानें फिरला तर बिघडण्याची भीति असते. नंतर कूलर काढला. कूलर सरळ उपटूं नये. यंत्र थोडें ऊन असतांना, किंचित् पिळून सोडवावा, नाहींतर कांहीं जातींचे प्रोसेसर त्याबरोबर खोबणींतून निघून येतात. खालची पेस्ट वाळून खडू झाली होती. ही पेस्ट कशासाठीं, तेंहि सांगतों. प्रोसेसरचें झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खांचा असतात, आणि खांचांत हवा. तांबें हवेपेक्षां सुमारें पंधरा हजार पटींनीं अधिक सहज उष्णता वाहून नेतें. म्हणजे हवेचा पातळ थरसुद्धां मोठी भिंतच. पेस्ट ती हवा घालवून देते. तांब्याइतकी ती चांगली वाहक नसते, म्हणून ती वाटाण्याएवढीच घालावी, पोळीला तूप माखावें तशी माखूं नये. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावी, आणि स्क्रू समोरासमोरच्या कोनांत थोडेथोडे आवळीत जावें, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. नव्या कूलरच्या तळाशीं पारदर्शक पापुद्रा असतो. तो न काढतां कूलर बसविणारे लोकहि आहेत.

हें झाल्यावर मूळ गतीवर ९१ चे ८० अंश झाले. त्या वेळीं खोलींत ३४ अंश होते आणि कॅबिनेटच्या आंत ४०. म्हणजे १०० वॉटला ४० अंशांची वाढ, वॉटमागें ०.४ अंश. हा आंकडा हातीं आला कीं पुढचें भाकीत करतां येतें. साडेचार गिगाहर्ट्झला १४२ वॉट, म्हणजे ५७ अंशांची वाढ. जानेवारींत कॅबिनेटच्या आंत ३० अंश असतां ८७ होतात, आणि मे महिन्यांत ४० असतां ९७. सुमारें १०० अंशांपाशीं आमचा प्रोसेसर जीव वांचविण्यासाठीं आपण होऊन मंद होतो, आणि तरीहि ताप चढतच राहिला तर वीज तोडतो. त्यांत धुळीनें भर घातली होती. हिंवाळ्यांत चाललेलें यंत्र उन्हाळ्यांत कां पडलें, याचें हें उत्तर.

परंतु प्रकरण येथें संपलें नाहीं. गति पुनः साडेचारवर नेऊन, कॅबिनेटचें दार उघडून समोर टेबलपंखा लावला. उष्णतामान ९७ वरून ८९ वर आलें, तरीहि चाळिसाव्या मिनिटाला एक उत्तर चुकलें. ताप उतरला तरी चूक राहिली, तेव्हां दोष एकट्या उष्णतेचा नव्हता. दाबहि अपुरा पडत होता. इमारतींत सकाळीं सगळे नळ एकदम सुटले म्हणजे वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. तसा प्रोसेसरवर एकाएकीं भार पडला म्हणजे त्यास मिळणारा दाब किंचित् खालीं येतो, आणि त्याच क्षणीं चूक होते. मग दाब वाढवावा काय? १.४० व्होल्ट केले तर तेंच गणित १५३ वॉट आणि १०१ अंश सांगतें. इकडे आड, तिकडे विहीर. दाब वाढवावा तर ताप, न वाढवावा तर चूक. अशा वेळीं उपाय एकच, तो म्हणजे गति कमी करणें. ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.२५ व्होल्ट या मापांवर ११४ वॉट आणि ८६ अंश येतात असें वहींत आधीं लिहिलें, आणि पाहिलें तों ८६ च आले. कसोटी बारा तास चालली. एकहि चूक झाली नाहीं.

लक्षणांवरून निदान करावयाचें तर स्थूलमानानें असें. यंत्र बंद न पडतां दुपारीं मंद होत असेल आणि उष्णतामान शंभराच्या घरांत असेल, तर दोष कूलरचा, धुळीचा वा पेस्टचा. कांहींच न सांगतां एकदम वीज गेल्यासारखें होत असेल, तर अतिताप किंवा एसएमपीएस. उष्णतामान साठ-सत्तर असतांहि निळा पडदा येत असेल, तर दाब किंवा रॅम. पाण्यानें गार होणारा कूलर असेल आणि पंखे फिरत असूनहि त्याचा रेडिएटर गार राहून प्रोसेसर क्षणांत तापत असेल, तर पंप बंद पडला आहे.

थंड करण्याविषयीं दोन गैरसमजहि दूर केले पाहिजेत. पंख्याचा असो वा पाण्याचा असो, कोणताहि साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं. तो फक्त आंतली उष्णता बाहेरच्या हवेस देतो. म्हणून कॅबिनेट टेबलाच्या कपाटांत कोंडूं नये, भिंतीस चिकटवूं नये, आणि चालूं असतांना त्यावर झालरीचें आच्छादन घालूं नये. पुढून हवा आंत यावी आणि मागून व वरून बाहेर जावी. दुसरें असें कीं, दमट हवेंत माणसास गुदमरतें तें घाम वाळत नाहीं म्हणून. यंत्रास घाम येत नाहीं. त्यास हवेचा ओलावा बाधत नाहीं, हवेचें उष्णतामान बाधतें. म्हणून वाळ्याचा कूलर संगणकाच्या तोंडाशीं लावून ओलावा आंत ढकलूं नये. उष्णतेशीं संगणकाचें हें वैर नवें नाहीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यास लागलेल्या टिफ्रॅक या यंत्रांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळी दिव्यासारखी तापत असे. आतां तो सारा ताप नखाएवढ्या तुकड्यांत एकवटला आहे, इतकाच फरक.

गति न वाढवितांहि हा दोष उद्भवतो, हें शेवटीं सांगितलें पाहिजे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांविषयीं अशाच तक्रारी आल्या. २०२४ सालीं कंपनीनें जाहीर केलें कीं प्रोसेसर गरजेहून अधिक दाब मागून घेत होते. त्यावर्षीं ऑगस्टमध्यें तिनें त्यावर सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. परंतु ज्या प्रोसेसरांची हानि आधींच झाली होती ते त्या सुधारणेनें बरे होणार नव्हते. अधिक दाबाची इजा कायमची असते. म्हणून आपल्या मदरबोर्डचा बायोस अद्ययावत् आहे ना, हें जाणकाराकडून पाहून घ्यावें, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेलीं मापें आपल्या यंत्रास तशीच्या तशी लावूं नयेत.

वही पुरी झाल्यावर नातवानें स्वतःच हिशेब मांडला. वीस मिनिटांचें काम साडेचार गिगाहर्ट्झला सव्वादोन मिनिटें आधीं होत होतें, तें चुकीच्या भीतीसह. ४.२ ला तें एक मिनिट आधीं होतें. त्यानें एका मिनिटाचाहि लोभ सोडून यंत्र मूळ गतीवर ठेवलें. हौसेचे प्रयोग तो सुटींत करतो, आणि त्यापूर्वीं घरचीं चित्रें व हिशेब दुसऱ्या तबकडीवर उतरवून, तीं उघडून पाहून, तबकडी वेगळी काढून ठेवतो. गाठोडें केलें तरी ताळा जुळल्याखेरीज मूळ प्रत पुसावयाची नाहीं, हा नियम त्यानें वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानें लिहिला आहे. ज्यांच्या घरीं असें गाठोडें असेल त्यांनीं तें आज रात्रीं एकदां सोडून पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.